सातगडच्या तीन सगुणाबाई

सगुणाबाई एकशे दहा वर्षं जगल्या, असं त्या लेखावरून निघत होतं.

रत्ना पाटील बाईंनी चष्मा पुसला आणि लेख पुन्हा वरपासून वाचला. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातला तो लेख. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, अशा मोकळ्या रीतीने चालणारा ज्ञानकोश. सातगड संस्थानच्या राणी सगुणाबाई. जन्म १७४१. गडाच्या पायथ्याशी बारव बांधली १७७२ साली. दत्तक घेतला १८२६ साली, आणि पुढे पंचवीस वर्षं कंपनी सरकारच्या एजंटाला तोंड देत संस्थान राखलं. निधन १८५१. शेवटी नदीकाठच्या एका लहानशा छत्रीचा फोटो, खाली ‘सगुणाबाईंची समाधी’.

पंच्याऐंशीव्या वर्षी दत्तक घेणारी आणि शंभरी उलटल्यावरही साहेबाशी भांडणारी बाई. कुणाला खटकलं कसं नाही? लेख कित्येक वर्षं तसाच होता. शाळेतली पोरं तो उतरवून घेत असतील, प्रकल्पात चिकटवत असतील.

बाईंचा जन्म इतिहास शिकवण्यात गेला होता, जळगावच्या एका हायस्कुलात. आता निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्याच्या घरात दुपार अंगावर येई. त्यांचे यजमान देवचंदनाना, वीज मंडळातून निवृत्त झालेले, जेवून आडवे होत आणि बाई पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसत. चुकलेलं साल दुरुस्त कर, मोडकं वाक्य सांध, असं करता करता त्यांना ज्ञानकोशाची गोडी लागली होती.

सातगडचा पिच्छा मात्र त्यांनी सोडला नाही. जुनं गॅझेटियर पाहिलं, संस्थानची छापील बखर मिळवली, जिल्हा ग्रंथालयात जाऊन बसल्या. हळूहळू एका सगुणाबाईच्या तीन झाल्या.

पहिली राजा मोहकमसिंहाची राणी. ती लग्न होऊन आली आणि हातचा गेलेला परगणा परत मिळाला, म्हणून पायगुणाची ठरली. तेव्हापासून गादीवरच्या राजाला जी थोरली राणी येईल तिचं नाव लग्नात सगुणाबाईच ठेवायचं, असा त्या घराण्यात रिवाज पडला. बारव बांधली ती हिने. तिचा मुलगा गादीवर बसलाच नाही. नातवाला, फत्तेसिंहाला, एकीच्या पश्चात दुसरी अशा दोन राण्या झाल्या. दोघी सगुणाबाई. आधीची तरुणपणीच बाळंतपणात गेली. नदीकाठची छत्री तिची. नंतरची दीर्घायुषी. दत्तक, एजंट, भांडण, सगळं तिचं.

मधल्या सगुणाबाईच्या जाण्याबद्दल बखरीत इतकंच होतं: ‘राणीसाहेब कैलासवासी जाहल्या. पुढें सालाअखेर सगुणाबाईसाहेबांशी लग्न जाहलें.’

ते वाचल्यावर बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली भाजीवाल्याची गाडी थांबली होती. त्याने दोनदा विचारलं, ताई, काही देऊ का, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्याच्याकडेच पाहतो आहोत.

रत्ना हे त्यांचं माहेरचं नाव नव्हतं. माहेरी त्या किरण. बी. एड. होऊन घरी बसलेल्या, वय वाढत चाललेलं, म्हणून वडिलांनी दुसरेपणावर दिल्या. देवचंदांची पहिली बायको आदल्या वर्षी काविळीने गेली होती, मागे दीड वर्षांचं पोर ठेवून. लग्नात नाव बदलणार हे किरणला माहीत होतं. ताटातल्या तांदळांत अंगठीने अक्षरं उमटली तेव्हा तिने वाकून पाहिलं. रत्ना. गेलेल्या बाईचं नाव तेच होतं, हे तिला बोहल्यावरच कुणीतरी कानात सांगितलं. सासूबाईंनी नंतर समजावलं, की पोराच्या कागदांवर आईचं नाव रत्ना आहे, रेशनकार्डावर रत्ना आहे. एकच राहू दे, पोराला आई बदलल्याचं कळायला नको. मग गळ्यात सवतीचा, म्हणजे त्या गेलेल्या बायकोच्या नावाचा, चांदीचा टाक आला. तो अजून होता.

पोराला पुढे शाळेत जायच्या वयात कळलंच. ललितने एवढंच विचारलं होतं, “तू जाणार नाहीस ना?” ती कशी जाणार होती.

बाईंनी लेखाचे तीन भाग पाडायला घेतले आणि पहिल्याच पायरीवर अडल्या. तीन लेख, तर तीन शीर्षकं हवीत. नाव एकच. पुढे कंसात काय लिहायचं?

ज्ञानकोशात प्रत्येक लेखामागे चर्चेचं एक पान असतं. तिथे त्यांनी प्रश्न टाकला. उत्तर आलं ते भूषण सोनवणे यांचं. धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारा हा माणूस ज्ञानकोशात बरीच वर्षं काम करत होता, आणि शीर्षकांच्या बाबतीत त्याचा शब्द मानला जाई. त्याने सुचवलं: सगुणाबाई (मोहकमसिंहाची पत्नी), सगुणाबाई (फत्तेसिंहाची पत्नी).

‘फत्तेसिंहाच्या दोन आहेत,’ बाईंनी लिहिलं.

‘मग पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देऊ.’

बाईंनी लिहिलं: ‘कोणत्याही साधनात त्यांना क्रमांक नाहीत. आणि मराठीत बाईच्या बाबतीत दुसरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माहेरच्या घराण्यावरून नावं द्यावीत.’

‘तिघींची माहेरं सापडली आहेत का?’

सापडली नव्हती. पहिलीचं सापडलं होतं. मधलीबद्दल ‘तापीपलीकडील’ इतकाच उल्लेख. तिसरीचं काहीच नाही. शिवाय सोनवणे सरांनी आणखी एक मुद्दा काढला. मधल्या सगुणाबाईवर दोन ओळींपलीकडे माहिती नाही. तिला वेगळा लेख कशाला? फत्तेसिंहाच्या लेखात एक वाक्य घालावं, काम भागतं.

त्या वाक्याचा बाईंना राग आला. इतका, की त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि चार दिवस उघडला नाही.

त्याच आठवड्यात ललितचा फोन आला. तो धुळ्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. अमळनेरजवळच्या आपल्या मूळ गावी, शाळेला त्याने वाचनालयाची खोली बांधून दिली होती, जन्मदात्या आईच्या नावाने. तुला चालेल ना, असं त्याने बाईंना आधी विचारलं होतं, आणि त्यांनीच पुस्तकांची निवड करून दिली होती. आता उद्घाटनाची तारीख ठरली होती. संगमरवरी पाटीवर घालायचा मजकूर त्याने फोनवर पाठवला: कै. सौ. रत्ना देवचंद पाटील यांच्या स्मरणार्थ.

बाईंनी तो वाचला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही काही लक्षात आलं नाही. ‘छान,’ म्हणून त्यांनी उत्तर पाठवलं.

लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. ललितने तोच मजकूर आमंत्रण म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. गावातून तो अमळनेरला गेला, अमळनेरहून जळगावला. तेजस नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने निरोपसमारंभातला बाईंचा फोटो शोधून काढला, त्याला काळी चौकट केली आणि खाली लिहिलं, आमच्या पाटील बाई गेल्या. दुपारपर्यंत तो फोटो त्यांच्या हाताखालून गेलेल्या साऱ्या वर्गांत फिरला. फोन वाजू लागले. नाना घेत आणि म्हणत, “नाही हो. आहे. जेवते आहे.”

चारच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. शाळेतली तरुण शिक्षिका भूमिका, तिच्याबरोबर आणखी दोघी, तिघी पांढऱ्या कपड्यांत. दार बाईंनीच उघडलं. भूमिका त्यांच्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी मटकन पायरीवर बसून रडायला लागली.

“आत या,” बाई म्हणाल्या. “चहा टाकते.”

त्या तिघींना समजावून, चहा पाजून परत पाठवेपर्यंत दिवेलागण झाली. मग बाई फोन घेऊन बसल्या आणि आलेले सगळे संदेश एकामागून एक वाचत गेल्या. किती पोरांनी किती काय काय लिहिलं होतं. बाईंचा आवाज, बाईंचे नकाशे, बाईंनी मारलेली छडी. माणसाला हे जिवंतपणी वाचायला मिळत नाही. त्यांचे डोळे भरून आले. आणि वाचता वाचता त्या एका ठिकाणी थांबल्या.

एवढ्या संदेशांत, जी खरोखर गेली होती तिच्यासाठी एकही शब्द नव्हता.

इतकी वर्षं आपलं नाव गेलं याची एक बारीक सल बाईंच्या मनात होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण होती. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण तरी उरलो. त्या नावाखाली नांदलो, शिकवलं, म्हातारे झालो. गाडली गेली ती आधीची. पाटीवर तिचं नाव कोरलं तरी लोकांना आपणच दिसणार. बखरीतली ती तिसरी सगुणाबाई काय मुद्दाम कुणाला पुसायला आली होती? ती नुसती जगली, आणि तिच्या जगण्याने आधीची झाकली गेली.

ललितचा फोन आला. त्याचा आवाज पडला होता.

“आई, माझं चुकलं. मला सुचलंच नाही. माझ्या डोक्यात त्या वेगळ्या आणि तू वेगळी.”

“तुझ्या डोक्यात बरोबरच आहे रे. पाटी वाचणाऱ्याला ते कुठे माहीत?”

“मग कंसात ‘पहिल्या पत्नी’ घालू का?”

“नको.”

“ललितची जन्मदात्री?”

मग तोच हळूच म्हणाला, “तेही नको. तुला कसं वाटेल.”

“माझं सोड. तिचं माहेरचं नाव काय होतं, ललित?”

त्याला माहीत नव्हतं. बाईंनी मागे वळून पाहिलं. नाना दाराशी उभे होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार. ते आत निघून गेले.

शनिवारी बाई एस. टी. ने धुळ्याला गेल्या. ललितने सुट्टी काढली होती. नानांना विचारणं दोघांच्याही जिवावर आलं, म्हणून दुपारनंतर मोटारीने अमळनेरकडे ललितच्या मामांच्या, म्हणजे गेलेल्या रत्नाच्या भावाच्या, गावी जायचं ठरलं होतं. त्याआधी बाईंनी भूषण सोनवण्यांना त्यांच्या कॉलेजात गाठलं. भांडण अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सोनवणे चाळिशीचा, शांत बोलणारा माणूस निघाला. त्याने खुर्ची पुढे केली आणि स्वतःच विषय काढला.

“बाई, मधल्या राणीबद्दल मी जे लिहिलं ते तुम्हाला लागलं.”

“लागलं.”

“माझी अडचण सांगू? आपल्याला वाटतं, शीर्षकात सगळा न्याय करावा. पण शीर्षक म्हणजे गावाच्या वेशीवरची पाटी आहे. वाटसरूला गाव सापडलं की तिचं काम झालं. त्या वाटसरूला या राण्यांचं माहेर माहीत नसतं, आपल्याला काय वाटतं तेही माहीत नसतं. त्याला फक्त सगुणाबाई हे नाव माहीत असतं. ते आपण मोडलं तर तो पोचणारच नाही. न्याय करायचा तो आत, मजकुरात.”

बाई ऐकत होत्या. मुद्दा खरा होता, आणि खरा असल्याने त्यांना तो आवडला नाही.

“नाव मोडू नका. पण नवऱ्यावरून नको, क्रमांकावरून नको,” त्या म्हणाल्या. “तिघींना एकच माप लावा.”

“तिघींचं सारखं माहीत असलेलं असं काय आहे?”

बाहेर वर्ग सुटला, पोरांचा गलका जिन्यावरून खाली गेला. शेवटी बाईच म्हणाल्या, “मृत्यूचं साल.”

“१७८९, १८१९, १८५१,” सोनवण्यांनी कागदावर लिहिलं. “सगुणाबाई, कंसात सातगड, मृत्यू अमुक. कोरडं वाटतं, पण चुकणार नाही.”

“मरणानेच ओळखायचं म्हणजे.”

“दुसरं काही ठेवलं नाही हो त्यांच्या घराण्याने.”

बाईंनी तो कागद उचलून पाहिला. तीन आकडे. नवरा नाही, मान नाही, आधीची-नंतरची नाही. एकेका बाईला एकेक साल. मग त्यांनी मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हिचा लेख वेगळा हवा, सर. पाच ओळींचा का होईना. तिचं पान नसलं तर उद्या पुन्हा कुणीतरी उरलेल्या दोघींची सांधेजोड करणार, आणि तिची छत्री तिसरीच्या नावावर लावणार. आत्ता झालंच आहे तसं.”

सोनवण्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. करा तुम्ही पान. कुणी काढायला आलं तर मी पाहतो.”

मग त्याने विचारलं, तुम्ही एवढ्या या राण्यांत कशा अडकलात? बाईंनी सांगितलं. सगळं नाही, पण पाटीचं सांगितलं, काळ्या चौकटीतल्या फोटोचं सांगितलं. सोनवणे हसला नाही. निरोप द्यायला फाटकापर्यंत आला आणि जाताना म्हणाला, “त्या पाटीवर सालं घाला, बाई.”

मगनमामांचं घर गावाच्या टोकाला होतं, पुढे कापसाचं शेत. मामा सत्तरीकडे झुकलेले. ओट्यावर खाट टाकून बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. लग्नानंतरची कित्येक वर्षं दर आखाजीला, अक्षय तृतीयेला, त्यांच्याकडून बाईंना साडी येत असे, लेक म्हणून. बाई ती नेसत. पण त्या घरी बसून गेलेल्या बाईविषयी चार शब्द विचारावेत, असं कधी घडलं नव्हतं. विचारलं तर कुणाला काय वाटेल, असं दोन्हीकडे वाटत राहिलं असावं.

ललितने मामांच्या पायांशी बसून विचारलं. मामांनी चष्मा काढला, टॉवेलने डोळे टिपले, परत लावला.

“रत्ना ते त्या घरनं नाव,” ते अहिराणीत म्हणाले. “आमनी ती कोकिळा. कोकी म्हनूत आम्ही.”

“कोकिळा,” ललित म्हणाला. स्वतःशीच, जरा अडखळत, नवा शब्द म्हणून पाहावा तसा.

“पस्तीस वरीस व्हई ग्यात. माले कोनीच इचारं नई, ती कोन व्हती म्हनीसन.”

आणि मग ते बोलत राहिले. कोकी सायकल चालवायची. गावात तेव्हा एकही मुलगी सायकलवर बसत नसे. ही थोरल्या भावाची, म्हणजे मामांचीच, सायकल काढून, फ्रॉक खोचून, नळीखालून पाय घालून चालवायची, आणि बठ्ठा गाव दखे, सगळे बघत राहत. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा आठवडाभर जेवली नाही. मामांच्या मुलांना अक्षरं तिनेच शिकवली. चिंचेचा ठेचा तिच्यासारखा कुणाला जमला नाही. नवं नाव तिला आवडलं नव्हतं. “माहेर उनी का म्हने, दादा, आठे माले कोकीच म्हन. तठे मी रत्ना शे.”

मामी चहा घेऊन आल्या. मामा बाईंकडे वळले. “ताई, तुमनं माहेरनं नाव काय?”

“किरण,” बाई म्हणाल्या.

“चांगलं शे,” मामा म्हणाले, आणि कपातला चहा बशीत ओतला.

परतीच्या वाटेवर गाडी ललित चालवत होता. जळगाव जवळ आल्यावर म्हणाला, “पाटीवर फक्त कोकिळा लिहितो. तेच खरं.”

बाईंनाही अमळनेरपासून तेच वाटत होतं. घरी पोचल्यावर जेवताना त्याने ते नानांना सांगितलं. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात ठेवला.

“गावात तिला कोकिळा म्हणून कोण ओळखतं?” ते म्हणाले. “चार वर्षं नांदली तिथे. विहिरीवर, शेतात, देवळात रत्नाच होती. म्हाताऱ्या बायका आहेत अजून, तिच्याबरोबर तण निंदायला जाणाऱ्या. त्या पाटी पाहून म्हणतील, ही कोण? तिच्याच गावात तिला परकी करू नका.”

नाना एवढं एका दमात कधी बोलत नसत. ललित काही म्हणणार होता, पण बाईंनी त्याला हाताने थांबवलं. सोनवण्यांचं तेच म्हणणं होतं. ज्याला तिच्यापर्यंत पोचायचं आहे त्याच्या हातात जे नाव आहे, ते काढून घेता येत नाही.

“नानांचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “रत्ना राहू दे. कोकिळा कंसात घालू. आणि खाली सालं. दोन्ही सालं.”

नानांनी मान हलवली. मग ताटाकडे पाहत म्हणाले, “नाव आईने ठरवलं होतं. मी नको म्हणालो नाही. पण तुला त्या नावाने हाक मारायला गेलो की मला ती ओ देईल असं वाटायचं. मग मी हाकच मारली नाही कधी.”

ते खरं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नाना त्यांना ‘अगं’, ‘ऐकलंस का’ असंच म्हणत. बाई ते इतर नवऱ्यांसारखं धरून चालल्या होत्या. त्यांनी आमटीचं भांडं पुढे सरकवलं. “घ्या, गार होतेय,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तिन्ही लेख लिहायला घेतले. बारव बांधणाऱ्या पहिल्या सगुणाबाईचा लेख सहज झाला. दीर्घायुषी सगुणाबाईचा लांबला. तिच्यावर पुष्कळ होतं. मधलीच्या पानावर त्यांनी लिहिलं की ती तापीपलीकडची, लग्नानंतर चौथ्या वर्षी प्रसूतीत तिचा मृत्यू झाला, नदीकाठची छत्री तिची आहे, तिचं माहेरचं नाव उपलब्ध साधनांत सापडत नाही. ते शेवटचं वाक्य लिहावं की नाही, याचा त्यांनी विचार केला. नसलेली गोष्ट सहसा लिहीत नाहीत. त्यांनी ते ठेवलं. छत्रीचा फोटो जुन्या पानावरून उचलून इथे आणला आणि त्याखालची ओळ बदलली. तिघींच्या पानांवर नेणारं एक वेगळं पान केलं, नुसतं ‘सगुणाबाई’ म्हणून शोधणाऱ्यासाठी. ज्ञानकोशात अशा पानाला निःसंदिग्धीकरण म्हणतात. शब्द उच्चारायला अवघड होता. बाईंनी तो दोनदा चुकीचा टंकला.

काही दिवसांनी चर्चेच्या पानावर कुणीतरी प्रश्न टाकलाच, की एवढ्याशा माहितीवर वेगळा लेख का. बाई उत्तर लिहायला बसल्या तर खाली सोनवण्यांचं उत्तर आधीच आलेलं होतं. कारण ती वेगळी होती, एवढंच त्याने लिहिलं होतं.

उद्घाटनाला गावातली पुष्कळ माणसं आली. शाळेचे मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सर सूत्रसंचालन करत होते. पाहुण्यांची नावं लिहून घेताना ते बाईंजवळ येऊन घुटमळले. पाटीवर रत्ना देवचंद पाटील आणि समोर रत्ना देवचंद पाटील, आता माइकवर काय म्हणायचं? बाई म्हणाल्या, “ललितची आई म्हणा.” मग त्यांनाच ते कसंसं वाटलं. शेजारी ललित उभा होता.

“दोघी माझ्या आईच आहेत, सर,” तो म्हणाला. “हिचं किरण पाटील असं सांगा. हिचं नाव किरण आहे.”

माइकवर ते नाव आलं तेव्हा बाई पुढे जायच्या राहिल्या. आपल्याला बोलावताहेत हे त्यांना उमगलं नाही. नानांनी कोपराने हलकेच खुणावलं, तेव्हा त्या उठल्या. नारळ ललितने फोडला, पडदा बाईंनी ओढला.

म्हाताऱ्या बायका पाटीपुढे गोळा झाल्या. एकीने दुसरीला सांगितलं, आपनी रत्ना, ती गोरी, हसतमुख. दुसरीने मान डोलावली. देवळापलीकडच्या विहिरीची, निंदणीची, कोणत्याशा पुराची गोष्ट निघाली. नाना थोडे लांब, कडुनिंबाखाली उभे राहून ऐकत होते. बाई त्यांच्याकडे गेल्या नाहीत. तो वेळ त्यांचा होता.

गर्दी ओसरल्यावर मगनमामा काठी टेकत पाटीजवळ आले. काळ्या चष्म्यातून त्यांना अक्षरं लागत नव्हती. त्यांनी संगमरवरावर हात ठेवला, कोरीव ओळींवरून बोटं फिरवली.

“काय लिखेल शे, वाच रे भाऊ,” ते ललितला म्हणाले.

ललितने वाचलं. “कैलासवासी रत्ना देवचंद पाटील. कंसात, माहेरची कोकिळा. १९६७ ते १९९०.”

मामांनी बोटं परत मागे नेली आणि चाचपडत मधल्या ओळीवर थांबवली. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मामांचा हात धरून जरासा उजवीकडे सरकवला, जिथे कंस सुरू होत होता.

“कंसमाधलं तेवढं परत वाच,” मामा म्हणाले.